कोल्हापूर-मुंबई प्रवासात जुने गेम खेळण्यासाठी हँडहेल्ड गेमिंग पीसी घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महिन्यातून दोनदा महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, अधूनमधून एसटीनं पुणे, बजेट साठ-सत्तर हजार आणि खेळायचे ते मुख्यतः पीएसपी आणि पीएस२ या सोनीच्या जुन्या कन्सोलचे गेम. स्टीम डेक किंवा आरओजी अलाय असा हातात धरून खेळायचा पीसी घ्यावा का?

फक्त एवढ्यासाठी असेल तर घेऊ नका. पीएसपीसाठी पीसी घेणं म्हणजे कळशीभर पाण्यासाठी टँकर बोलावणं. पीपीएसएसपीपी हे पीएसपीचं इम्युलेटर, म्हणजे त्या कन्सोलची नक्कल करणारं ॲप, मध्यम किमतीच्या कुठल्याही अँड्रॉइड फोनवर पळतं. पीएस२ ला जरा दम लागतो, पण स्नॅपड्रॅगन ८४५ किंवा त्यापुढचा चिप असेल तर बरेचसे गेम मूळ रिझोल्यूशनला नीट चालतात. फोनला दोन्ही बाजूंनी पकडणारा टेलिस्कोपिक कंट्रोलर घ्या. तो ब्लूटूथचा नको, थेट सी पोर्टमध्ये बसणारा बघा, नाहीतर बटण दाबणं आणि उडी मारणं यात अंतर जाणवतं. त्याला चार्जिंगचं भोक आहे ना आणि फोन कव्हरसकट बसतो ना, हे दुकानातच तपासा. फोनची बॅटरी खेळात घालवायची नसेल तर रेट्रॉइड पॉकेट ५ सारखं वेगळं अँड्रॉइड यंत्र आहे, वजन २८० ग्रॅमच्या आसपास. बाहेरून मागवलंत तर ड्यूटी धरूनच हिशोब करा.

हँडहेल्ड पीसीचे पैसे वसूल होतात ते दोन बाबतींत. एक, स्टीम या ऑनलाइन गेम दुकानात तुमचे पीसी गेम आधीच विकत घेतलेले असतील. दोन, पीएस३ खेळायचं असेल. आरपीसीएस३ हे पीएस३ चं इम्युलेटर जवळपास सगळा भार सीपीयूवर टाकतं. स्टीम डेकमध्ये झेन २ या एएमडीच्या जुन्या पिढीच्या सीपीयूचे चारच कोअर आहेत, त्यामुळं हलके गेम चालतात आणि जड गेम रडवतात. अलायच्या झेड१ एक्स्ट्रीम चिपमध्ये नव्या झेन ४ चे आठ कोअर आहेत, शिवाय त्यातल्या एव्हीएक्स-५१२ या जादा सूचनासंचाचा आरपीसीएस३ ला फायदा होतो. तरीही प्रत्येक गेमचं नाव आरपीसीएस३ च्या कंपॅटिबिलिटी यादीत (कुठला गेम कितपत चालतो त्या यादीत) आधी शोधा. निन्टेन्डो स्विचच्या भरवशावर तर यंत्र घेऊच नका. स्विचचं इम्युलेटर युझू मार्च २०२४ मध्ये खटल्यातल्या तडजोडीनंतर बंद झालं, दुसरं, रायुजिन्क्सही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेलं.

आता प्रवास. इथं सगळा खेळ वॅट-अवरचा, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचा आहे. ओएलईडी स्टीम डेकची बॅटरी ५० वॅट-अवर, जुन्या एलसीडी डेकची ४०, पहिल्या अलायचीही ४०, अलाय एक्सची ८०. पडद्यासकट अख्खं यंत्र किती वॅट खातं त्यानं भागा, तास निघतात. पीएसपीला साधारण ७-८ वॅट, पीएस२ ला १०-१२, नव्या जड पीसी गेमला २२-२५. म्हणजे ओएलईडी डेकवर पीएस२ चार-साडेचार तास आणि जड गेम जेमतेम दोन. तोच जड गेम ४० च्या बॅटरीवर पुणं यायच्या आत संपतो, आणि हायवेच्या कामात गाडी अडकली तर साताराही लांब वाटतो.

हे आकडे आपोआप मिळत नाहीत, टीडीपी, म्हणजे चिपला किती वॅट खाऊ द्यायचे ती मर्यादा, हातानं कमी करावी लागते. डेकवर उजवीकडचं तीन टिंबांचं बटण दाबा, परफॉर्मन्समध्ये जाऊन टीडीपी लिमिट चालू करा. पीएसपीला ५ वॅट, पीएस२ ला ८ पासून सुरुवात करा. आवाज तुटायला लागला की एकेक वॅट वाढवा. चित्राआधी आवाज तुटतो, म्हणून कान उघडे ठेवा. इम्युलेटरमधलं रिझोल्यूशन उगाच वाढवू नका. पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ चा, तिप्पट केला की १४४० बाय ८१६ होतो आणि डेकचा ८०० ओळींचा पडदा भरतो. पीएस२ ला दुप्पट पुरते. त्यापुढं डोळ्यांना फरक दिसत नाही, बॅटरी मात्र वितळते.

पॉवर बँक घेताना २०,००० एमएएच एवढंच बघून फसू नका. ३.७ व्होल्टनं गुणलं तर ते ७४ वॅट-अवर होतात, हातात येतात साधारण ६०, म्हणजे डेक एकदा पूर्ण भरतो. बाजारात डोंगरभर पडलेल्या '२२.५ वॅट'वाल्या बँकांचा तो आकडा बहुधा फोन कंपन्यांच्या खास फास्ट चार्जिंगचा असतो, पीडीवर (पॉवर डिलिव्हरी, डेकसारखी यंत्रं चार्ज होतात ती यूएसबी-सीची पद्धत) त्या १८-२० वॅटच देतात. जड गेम चालू असेल तर चार्जिंगचं चिन्ह दिसतं आणि टक्के तरी उतरतच राहतात. पीडी ४५ वॅट असं स्पष्ट छापलेली घ्या, केबल दोन्ही टोकांना सी असलेली. एसटीतल्या यूएसबी पोर्टचा इथं उपयोग नाही, त्यातून जेमतेम दहा वॅट मिळतात. विमानानं जाणार असाल तर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॅट-अवरच्या आतली चालते.

रेल्वेच्या डब्यातला सॉकेट ११० व्होल्टचा असतो. अडॅप्टरवर '१००-२४०' लिहिलेलं असेल तर चिंता नाही. पण रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉईंट बंद ठेवायचा रेल्वेचा नियम आहे, त्यामुळं महालक्ष्मीत बसल्या बसल्या प्लग लावायचा. वरच्या बर्थवर चादर पांघरून खेळू नका, गरम हवा यंत्राच्या वरच्या कडेनं बाहेर पडते आणि चादर तिथंच येते. वजनाचंही बघा. ओएलईडी डेक ६४० ग्रॅम, म्हणजे गोकुळच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीहून जड. आडवं पडून ती पिशवी वीस मिनिटं तोंडासमोर धरून बघा, उत्तर दुकानात न जाता मिळेल. लेनोवोचा लीजन गो तर कंट्रोलरसकट ८५४ ग्रॅम.

अलायसारख्या विंडोजवाल्या यंत्राची एक खोड नक्की ध्यानात ठेवा. स्लीपमध्ये टाकून बॅगेत ठेवलं की ते मधेच जागं होतं, आणि मुंबईत उतरल्यावर बॅग गरम, बॅटरी शून्य. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन पॉवर बटणाला 'हायबरनेट' लावा. सुरू व्हायला जास्त वेळ लागेल, पण चार्ज टिकेल. डेकवरची स्टीमओएस ही सिस्टम या बाबतीत कितीतरी सरळ आहे. कुठलंही यंत्र असो, झोपवण्याआधी गेममधला सेव्ह करा. फक्त सेव्ह स्टेटवर (इम्युलेटर स्वतः जपून ठेवतो त्या क्षणाच्या प्रतीवर) विसंबू नका, इम्युलेटर अपडेट झाला की जुनी स्टेट उघडत नाही असं होतं.

मेमरी कार्ड. पीएस२ ची साधी डीव्हीडी ४.७ जीबीपर्यंत जाते, दोन थरांची ८.५ पर्यंत, आणि एफएटी३२ या कार्डाच्या जुन्या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. निम्मी कॉपी होऊन एरर आली तर कार्ड खराब नाही, फॉरमॅट चुकीचा आहे. विंडोजवर आणि अँड्रॉइडवर एक्सफॅट करा. डेक स्वतः ईएक्सटी४ करतो, ते कार्ड विंडोजला दिसणार नाही. डिस्कच्या फाईली सीएचडी या फॉरमॅटमध्ये दाबून ठेवल्या तर बरीच जागा वाचते. स्वस्तात मिळालेलं ५१२ जीबीचं कार्ड आधी एच२टेस्टडब्ल्यू या विंडोजवरच्या प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा. नकली कार्ड छापलेलाच आकडा दाखवतं आणि ३२ जीबीनंतर गेम खाऊन टाकतं.

इम्युलेटर कायदेशीर आहे, नेटवरून उतरवलेला गेम नाही. पीएसपीला बायोस (कन्सोलमधलं मूळ सॉफ्टवेअर) लागत नाही, पीएस१ आणि पीएस२ ला लागतो, आणि तो स्वतःच्या कन्सोलमधून काढायचा. अस्सल पीएस२ डिस्क साध्या यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचून आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाईल, करता येते. अडचण अशी की आपल्याकडचा पीएस२ म्हणजे बहुतेक कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून चिप टाकलेला आणि डिस्का मार्कर पेननं नाव लिहिलेल्या. त्या मोजू नका.

इतकं वाचूनही मन पीसीवरच असेल तर भारतात अधिकृतपणे विकलं जाणारं मॉडेल, बिलासह घ्या. स्टीम डेक इथं अधिकृतपणे येत नाही. तो बिघडला तर राजारामपुरीतला मोबाईलवाला स्टिक बदलून देईल कदाचित, मदरबोर्डला हात लावणार नाही.

सेकंडहँड मिळत असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाका. तयार होणाऱ्या फाईलमध्ये मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसते. ८० टक्क्यांखाली असेल तर तेवढे पैसे कमी करून मागा. नंतर दोन्ही स्टिक गोल फिरवून सोडा आणि सेटिंगमधल्या टेस्टवर बघा. ठिपका मधोमध परत येत नसेल तर ड्रिफ्ट आहे, म्हणजे स्टिक न हलवताही आपोआप सरकते. विकणारा म्हणेल, "कॅलिब्रेट केलं की जातंय." मग त्यालाच समोर बसून करायला सांगा.