रॉकी-बुलविंकल: आधी ऐका, मग पाहा

नऊ वर्षांच्या मुलीबरोबर पहिल्या भागापासून 'रॉकी-बुलविंकल' ही उडणारी खार रॉकी आणि मूस बुलविंकल यांची जुनी अमेरिकन कार्टून मालिका लावली, पण चौथ्या दिवशी दोघंही कंटाळलात आणि चित्रंही ओबडधोबड वाटली, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या भागापासून लावलीत तिथेच फसलात. जेट इंधनाच्या सूत्राची ती पहिली कथा 40 प्रकरणांची आहे. अर्ध्या तासात मुख्य कथेची दोनच प्रकरणं येतात, म्हणजे ती संपायला 20 भाग हवेत. त्यात प्रत्येक प्रकरणाआधी मागच्याची उजळणी! 1959 मध्ये ती गरजेची होती, सलग पाहताना मात्र तीच डोक्यात जाते.

सुरुवात 'बॉक्स टॉप रॉबरी'पासून करा. 12 प्रकरणं, सहा भागांत निकाल. नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांची झाकणं हेच जगाचं चलन आणि मालिकेतला खलनायक हेर बोरिस ती नकली छापतो, एवढीच गोष्ट. गंमत म्हणजे मालिकेचा प्रायोजक होता जनरल मिल्स, म्हणजे अशी खोकी विकणारी कंपनीच! पुढे 'रू ब्रिटानिया', आठ प्रकरणं. जेट इंधन अगदी शेवटी.

चित्रांबद्दलची तक्रार खरी आहे. अ‍ॅनिमेशन मेक्सिकोत स्वस्तात करून घेतलं जाई. बोरिसची मिशी मध्येच गायब होते, रंग बदलतात. पण ही मुळात चित्रं जोडलेली श्रुतिका आहे. निवेदक विल्यम कॉनरॅड, रॉकी आणि बोरिसची जोडीदारीण नताशा या दोघांचा आवाज देणारी जून फोरे, बोरिस झालेला पॉल फ्रीज, सगळे रेडिओवर मुरलेले. पात्रं निवेदकाशीच हुज्जत घालतात तिकडे कान ठेवा. कोट्याही कानासाठीच आहेत. माणकं जडवलेल्या खेळण्यातल्या होडीचं नाव 'रुबी याट ऑफ ओमर खय्याम'. मोठ्यानं म्हणा, फारसी कवी उमर खय्यामच्या 'रुबाया' ऐकू येतात. सबटायटल वाचत बसलात तर हे निसटतं.

मुलीला कोट्या समजावत बसू नका. तिच्यासाठी याच मालिकेत मध्ये मध्ये येणारा पीबॉडी पुरेसा आहे: कुत्र्यानं मुलगा दत्तक घेतलाय आणि दोघं कालयंत्रातून इतिहास दुरुस्त करत फिरतात. असे 91 तुकडे आहेत, सुटे पाहिले तरी चालतात. एका बैठकीत एकच भाग. मेक्सिकन किंवा मूळ अमेरिकन पात्रांची काही चित्रणं आज खटकतील, तेव्हा शेजारी बसा.

डीव्हीडी घेतलीत तर नावावरून गोंधळू नका. आधी 'रॉकी अँड हिज फ्रेंड्स', 1961 पासून 'द बुलविंकल शो'; डीव्हीडीवर दोन्ही मिळून 'रॉकी अँड बुलविंकल अँड फ्रेंड्स' असं नवं शीर्षक चिकटवलंय.