घरी बनवलेलं जुनं वाफेचं इंजिन सापडलंय. मित्राबरोबर दुरुस्त करायचंय, बॉयलर पेटवून पाहू का?

नका पेटवू. निदान आत्ता तरी नको. आधी नुसत्या इंजिनाला हात घाला. ते चालतं की नाही हे बघायला वाफ लागत नाही, कॉम्प्रेसरची हवा पुरते.

माझ्या मित्राचे आजोबा रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांनी असंच एक करून ठेवलं होतं. पितळी सिलिंडर, फ्लायव्हील म्हणून शिलाई मशीनचं चाक. पिस्टन जाम होता. ठोकाठोकी न करता डिझेल मुरू दिलं, मग चाक हाताने मागेपुढे करत सोडवला. ग्लँडमधली (पिस्टनचा दांडा सिलिंडरबाहेर येतो तिथली गळती अडवणारी जागा) जुनी पांढरी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नका, भिजवून काढा आणि तिथे ग्रॅफाइटची दोरी भरा.

खरी मजा टायमिंगची, म्हणजे पिस्टनला नेमक्या वेळी हवा देण्याची. आमचं सगळं मोकळं फिरत होतं, पण हवा दिली की चाक जरासं हलून थबकायचं. एक्सेंट्रिकचा (व्हॉल्व्ह मागेपुढे हलवणारी, केंद्र सोडून बसवलेली चकती) स्क्रू सैल होऊन ते शाफ्टवर सरकलं होतं. स्टीम चेस्टचं, म्हणजे सिलिंडरला लागून असलेल्या व्हॉल्व्हच्या पेटीचं, झाकण उघडा. एकाने चाक हळू फिरवायचं, दुसऱ्याने आतल्या सरकत्या स्लाइड व्हॉल्व्हवर नजर ठेवायची (मित्र हवा तो इथेच). आधी व्हॉल्व्ह रॉड असा जुळवा की सिलिंडरच्या दोन्ही टोकांना हवा नेणारी भोकं सारखी उघडतील. मग एक्सेंट्रिक फिरण्याच्या दिशेने क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो तो शाफ्टचा वाकडा हात) 90 अंश पुढे, आणि त्याहून किंचित जास्त ठेवा. पिस्टन टोकाला पोचताना भोक नुकतं उघडू लागलं की जमलं.

आता बॉयलर. सांधे कथलाने झाळलेले असतील तर तो शोभेला ठेवा. कथील-शिशाचं सोल्डर 183 अंशांनाच पाघळू लागतं, आणि पाणी आटलं की तेवढं तापायला वेळ लागत नाही. सांधे चांदीच्या ब्रेझिंगचे असतील तर थंड पाण्याने काठोकाठ भरा, हवा पूर्ण काढा आणि चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब द्या. सांधा उकललाच तर पाणी गळेल, एवढंच. हीच टेस्ट हवेने केली आणि सांधा उकलला तर स्फोट होईल. 25 लिटरपेक्षा लहान भांडं बॉयलर कायद्यात येत नाही, त्यामुळे इन्स्पेक्टर येणार नाही. जबाबदारी तुमचीच. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवाच घ्या.

आमचा बॉयलर कथलाचा निघाला, म्हणून इंजिन हवेवरच चालवतो. हवेवर साधं मशीन ऑइल चालतं. वाफेवर नेणार असाल तर सिलिंडरला जाड स्टीम ऑइलच लागेल.