बॅटरीतला धातू आणि मुलाची गोळी

“मॅडम, बॅटरीत घालतात तेच माझ्या पोराला गिळायला लावताय?” पंचवटीतल्या एका काकूंनी खुर्चीत बसण्याआधीच विचारलं. मुलगा २६ वर्षांचा, ई-रिक्षा दुरुस्तीच्या गॅरेजात कामाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बायपोलर आजारासाठी (यात मन कधी टोकाचं उत्साही, कधी टोकाचं खिन्न होतं) मनोविकारतज्ज्ञांनी त्याला लिथियम सुरू केलं होतं. डबा द्यायला गेलेल्या काकूंना नव्या बॅटरीवर तोच शब्द दिसला आणि त्यांची झोप उडाली.

हा प्रश्न मला फार जण विचारतात, आणि तो रास्त आहे. लिथियम हा सगळ्यात हलका धातू. सुरीने कापता येतो, पाण्यात टाकला तर प्रक्रिया सुरू होते. पण गोळीत तो धातूच्या रूपात नसतो, त्याचा क्षार असतो, लिथियम कार्बोनेट. मी म्हटलं, “काकू, सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन हा विषारी वायू. दोघं मिळून आपल्या भाकरीतलं मीठ होतं.” ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर, म्हणजे मनाच्या अति उत्तेजित अवस्थेवर, लिथियमचा उपयोग दाखवला. मनाची टोकाची चढउतार थांबवायला आणि आत्महत्येचा धोका कमी करायला आजही ते महत्त्वाचं औषध आहे.

बोलता बोलता लक्ष मुलाकडे गेलं. पाण्याचा पेला धरलेला हात जोरात थरथरत होता, शब्द जड येत होते. दोन दिवस जुलाबही होत होते. जेवणात काही बदल केलात का, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, “या गोळीनं किडनी जाते म्हणे. म्हणून महिनाभर अळणीच देतेय.” त्यातच आठवड्यापूर्वी तो चैत्राच्या यात्रेला वणीच्या गडावर पायी जाऊन आला होता, भर उन्हात.

मला धस्स झालं. काकूंनी मायेनं केलेलंच उलटलं होतं. लिथियम आणि सोडियम एकाच कुळातले, मूत्रपिंड दोघांना जवळजवळ सारखंच वागवतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि सोबत लिथियमही. मग डोस तोच राहूनही रक्तातली पातळी चढत जाते. ती साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती असते. औषध आणि विष यांच्यात एवढंच अंतर.

गोळीचा निर्णय माझ्या अखत्यारीतला नव्हे. तिथूनच डॉक्टरांना फोन केला आणि दोघांना रिक्षात बसवलं. संध्याकाळी पातळी १.८ आली. गोळी थांबवून सलाइन लावलं. पुढे त्यांनीच कमी डोसवर ती पुन्हा सुरू केली.

नंतरच्या भेटीत काकूंनी किडनीचं पुन्हा काढलं. ‘काही होत नाही’ असं मी कुणालाच सांगत नाही. वर्षानुवर्षं घेतल्यास मूत्रपिंडावर आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. हात थोडा कापणं, तहान वाढणं हे बऱ्याच जणांना होतं. जोराची थरथर, झोकांड्या, उलट्या-जुलाब दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर आणायचं नाही, त्यानंही पातळी वाढते. घाबरून गोळी एकदम बंद करणं तेवढंच धोक्याचं, आजार जोरात उलटू शकतो.

हे सगळं काकूंनी वहीत लिहून घेतलं. आता डब्यात पूर्वीएवढंच मीठ असतं, कमीही नाही, जास्तही नाही. रात्रीच्या गोळीला बारा तास झाले की त्या स्वतः मुलाला लॅबमध्ये नेतात आणि सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावरच त्याच्या हातावर ठेवतात. यंदा गडावर दोघं एसटीनं गेले.