कलमांची बाग विकून दुबईला येऊ नकोस

तुझा मेसेज दोनदा वाचला. तारकर्लीच्या रिसॉर्टमध्ये किचनचं काम शिकलास, हात चांगला बसलाय. आता गावातल्याच एकाने सांगितलंय की व्हिजिट व्हिसावर शारजाला ये, पुढचं पुढे बघू. दोन-तीन वर्षांत स्वतःची मालवणी खानावळ काढायची, आणि भांडवलासाठी देवगडच्या बागेतला तुझा हिस्सा विकायचा, असा तुझा बेत आहे. आईला तो पटत नाही, म्हणून तिने तुला माझ्याकडे पाठवलं. मी इथे दुबईत एका कंपनीत हिशेब बघते. लोकांचे पगार, व्हिसा, लायसन्सचं नूतनीकरण हे सगळं रोज माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे लिहायला वेळ घेतला, पण सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी बागेचं. हे तुला कुठलाच एजंट सांगणार नाही. नोकरीसाठी देश सोडलास की परकीय चलनाच्या कायद्यापुरता, म्हणजे फेमापुरता, तू अनिवासी होतोस. अनिवासी भारतीयाला गावात घर घेता येतं, बिनशेती प्लॉट घेता येतो, पण शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. कुणी बक्षीसपत्राने दिली तरी नाही. वारसाने मात्र मिळते, आणि आधीपासून नावावर असलेली ठेवता येते. म्हणजे आज विकलेली कलमं उद्या दिरहॅममध्ये कितीही कमावलंस तरी इकडे असेपर्यंत परत घेता येणार नाहीत. शिवाय आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. तेवढ्या एकाच सातबाऱ्यावर तुझं नाव असेल आणि तेही गेलं, तर परत आल्यावर शेतकरी असल्याचा पुरावा तू कुठून आणणार? वीस-पंचवीस वर्षं परदेशात काढून कायमचे गावी परतलेले लोक मी बघितलेत. ज्यांची बाग शिल्लक होती त्यांना परतण्यासाठी जागा होती. म्हणून एवढ्या कळकळीने सांगते, हिस्सा विकू नकोस.

उलट निघण्याआधी तिचे कागद सरळ कर. वडिलांच्या माघारी वारसनोंद झालीय का, फेरफार मंजूर आहे का, ते तलाठ्याकडे जाऊन बघ. सातबारा सामाईक असेल तर आत्ताच, सगळे हिस्सेदार गावात असताना बोलून घ्या. गणपतीला चार दिवस येऊन ही कामं होत नाहीत. भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र कर, पण मोघम करू नकोस. फवारणी, राखण, हंगामापुरती बाग कराराने देणं, आंबा विकणं, सरकारी कामं एवढंच त्यात लिही; जमीन विकण्याचा अधिकार देऊ नकोस. हे इथे आल्यावरही भारतीय वकिलातीत साक्षांकित करता येतं, पण मग गावी पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. तिथेच करून ये.

आता व्हिसाचं बघू. व्हिजिट व्हिसा म्हणजे फिरायला येण्याची परवानगी. त्यावर एक दिवससुद्धा काम करणं बेकायदेशीर आहे. 2024 मध्ये इथला, म्हणजे यूएईचा (संयुक्त अरब अमिरातीचा), कायदा बदलला आणि परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहॅम झाला. दंड मालकाला असला तरी परत पाठवणी आणि पुन्हा येण्यावर बंदी कामगाराच्या वाट्याला येते. मुदत संपूनही राहिलास तर दिवसाला पन्नास दिरहॅम दंड. ‘पुढे बघू’ म्हणणारा माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. त्याच्या वेळी तसं चालून गेलं असेल. तू मात्र आधी नोकरी, मग एंट्री परमिट, मग विमान, असाच ये. इथे उतरल्यावर रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे होतो, बोटांचे ठसे घेतात आणि एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, मिळतो. पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर आता लावत नाहीत, आयडीतच सगळं असतं.

तू दहावी पास आहेस, तेव्हा तुझ्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी परदेशी जाण्याची सरकारी मंजुरी, लागायला नको. बरोबर येतोय म्हणणारा तुझा मित्र नापास असेल तर त्याला तो लागेल, आणि त्याच्यासाठी दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमाही सक्तीचा आहे. एजंटमार्फत येणार असलात तर त्याचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट या साइटवर स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. लाख-दीड लाख मागणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा जायचं नाही. इथल्या कायद्याने परमिटचा आणि भरतीचा खर्च मालकाचा असतो, तो तुझ्या पगारातून कापता येत नाही. तुझा पासपोर्ट कंपनीने ‘सांभाळायला’ ठेवणंसुद्धा बेकायदेशीर आहे. हॉटेल मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट असेल तर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईची वकिलात अशा तिन्ही ठिकाणचे शिक्के तिकडूनच मारून आण.

ऑफर लेटरमध्ये एकूण पगाराच्या आकड्यावर खूश होऊ नकोस, बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती ते बघ. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: पहिली पाच वर्षं दर वर्षाला एकवीस दिवसांचा पगार, त्यानंतर तीस दिवसांचा. तीन हजारांच्या पगारात बेसिक आठशे लिहून बाकी सगळं भत्त्यात टाकलेली पत्रं मी बघितलीत. एक वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलंस तर काहीच मिळत नाही. चाचणीचा काळ जास्तीत जास्त सहा महिने. आणि नोकरी गेली तर आधार देणारा सक्तीचा विमा आहे, तुझ्या पगाराला महिना पाच दिरहॅमचा. तो पहिल्याच आठवड्यात स्वतः काढ, नाहीतर चारशे दिरहॅम दंड बसतो. बायकोला आणायचा विचार असेल तर पगार किमान चार हजार, किंवा तीन हजार आणि राहायची जागा, एवढं कागदावर दिसावं लागतं.

आता खानावळ. कल्पना मला मनापासून आवडली. बर दुबईत, करामात, शारजाच्या रोल्यात आपली माणसं आहेत, आणि देराच्या वॉटरफ्रंट मार्केटात सुरमई-बांगडा ताजा मिळतो. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यासाठी लोक लांबून येतील. पण तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे डोक्यात पक्कं ठेव: धंद्याचं लायसन्स, तुझा राहण्याचा व्हिसा आणि कंपनीचं बँक खातं. एक मिळालं म्हणजे बाकीची आपोआप मिळतात असं नाही. बँक खातं तर नव्या कंपनीला फार दमवतं, तेवढे महिने खर्च चालवायची तयारी लागते.

पूर्वी मेनलँडवर, म्हणजे फ्री झोन नावाची खास व्यापारी क्षेत्रं सोडून बाकी भागात, कंपनी काढायची तर 51 टक्के इथल्या नागरिकाच्या नावावर ठेवावे लागत. 2021 च्या जूनपासून बहुतेक धंद्यांसाठी ही अट गेली, पूर्ण मालकी तुझ्या नावावर होऊ शकते. म्हणून ‘माझ्या लायसन्सवर चालव, पैसे तू घाल’ हा प्रस्ताव कितीही गोड वाटला तरी नको म्हण. आपल्याच भागातल्या एकाने असं केलं. खुर्च्या, भट्टी, डिपॉझिट सगळं त्याच्या पैशाचं, पण कागदावर तो त्या हॉटेलचा नुसता कुक. भागीदाराशी बिनसलं, व्हिसा रद्द झाला, आणि त्याच्या हातात दाखवायला एक चिठ्ठीही नव्हती. तुझा व्हिसा कुणाच्या नावावर उभा आहे, हे प्रत्येक पायरीवर विचारत जा.

फ्री झोनचं लायसन्स स्वस्त पडतं म्हणून जाहिराती दिसतील. सल्ला देण्याच्या किंवा ऑनलाइन कामाला ते ठीक, पण त्यावर करामात रस्त्यावर हॉटेल उघडता येत नाही. तुला मेनलँडच हवं. दुबईत किचनचा नकाशा आधी महापालिकेकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला जबाबदार माणूस लागतो. तोवर खोलीत डबे करून विकू नकोस, विनापरवाना तेही चालत नाही. आईने केलेलं कोकमाचं आगळ, सोलं विकायची म्हटली तर पाकिटावर अरबी मजकूर लागतो. जागेचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकने देतात. चेक परत गेला की आता सहसा तुरुंग नाही, पण तो कोर्टाच्या हुकुमासारखा वसूल होतो. नफा वर्षाला पावणेचार लाख दिरहॅमच्या वर गेला तर त्यावरच्या रकमेला 9 टक्के कर आहे. छोट्या धंद्याला सध्या सूट आहे, पण ती 2026 अखेरपर्यंतच्या हिशेबवर्षांपुरती. आणि विक्रीच पावणेचार लाखांवर गेली की 5 टक्के व्हॅटची नोंदणी सक्तीची. हे दोन वेगळे आकडे आहेत, एक नफ्याचा, एक विक्रीचा. नवे लोक हमखास गोंधळतात.

भांडवल इथे नोकरी करून जमव. गावचं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घे, वेगळं एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं) उघड. आंब्याचे पैसे एनआरओत, इथला पगार एनआरईत. एप्रिल ते मार्चमध्ये भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलास तर इथल्या पगारावर तिकडे कर लागत नाही, म्हणून 28 सप्टेंबरपर्यंत निघता आलं तर बरं. बागेचं उत्पन्न शेतीचंच राहतं, ते तसंही करमुक्त.

आईला एक सांग: बॅगेत मसाला देताना खसखस घातलेला देऊ नको. इथे खसखशीवर बंदी आहे, विमानतळावर सापडली तर थेट पोलीस प्रकरण होतं. खोकल्याची, झोपेची औषधंही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणू नकोस.

रविवारी मला सुट्टी असते, सकाळी फोन कर. त्याआधी सातबारा आणि आठ-अ काढून ठेव, आणि शारजाच्या त्या माणसाकडून कंपनीचं नाव लेखी मागून घे. कुठलंही ऑफर लेटर आलं तर सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव.