‘हे तुम्हाला कार्डात कुठे दिसले?’

टॅरोचा, म्हणजे चित्रांची कार्डे काढून त्यांवरून प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या पद्धतीचा, पहिला वर्ग संपला, हातात डेक (कार्डांचा संच) आला, ओळखीच्या चार माणसांसाठी रीडिंगही (कार्डे वाचून सांगणेही) करून झाले, आता पुढे काय, अशा आशयाची पत्रे सातत्याने येत आहेत. आपण जागच्या जागी अडकलो आहोत, ही खंत त्यांतील बहुतेक पत्रांत आहे. त्यांतून निवडलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे.

प्रश्न: मी टॅरोचे दोन अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत. सर्व ७८ कार्डांचे सुलटे आणि उलटे (कार्ड डोक्यावर उभे आले तर होणारे) अर्थ मला पाठ आहेत. तरीही समोर कुणी बसले आणि तीन कार्डे मांडली की मी तीन वेगवेगळे अर्थ सांगून थांबते. त्यांतून उत्तर असे काही निघत नाही. तिसरा वर्ग लावावा का?

उत्तर: पाठांतरात तुम्ही कमी पडलेल्या नाहीत, म्हणून पुन्हा अर्थच शिकवणारा वर्ग लावून उपयोग होणार नाही. थोडा हिशेब करून पाहा. पहिल्या जागी ७८ पैकी कोणतेही कार्ड येऊ शकते, दुसऱ्या जागी उरलेल्या ७७ पैकी आणि तिसऱ्या जागी ७६ पैकी. म्हणजे केवळ सुलटी कार्डे धरली तरी तीन कार्डांच्या ४,५६,४५६ मांडण्या होतात, आणि प्रत्येक मांडणीपुढे प्रश्न वेगळा, माणूस वेगळा. एवढे कुणी पाठ करून घेऊ शकत नाही. तेथे चित्र पाहता येणे आणि एका चित्राचा धागा दुसऱ्या चित्रात शोधता येणे, एवढेच कामाला येते.

मी ज्यांच्याकडे दुसऱ्यांदा शिकायला गेले, त्या बाई स्वतः फार थोडे बोलत. आम्ही एकमेकींसाठी कार्डे काढायचो, आणि आमच्या प्रत्येक वाक्यानंतर त्या एकच विचारायच्या, ‘हे तुम्हाला कार्डात कुठे दिसले?’ सुरुवातीला या प्रश्नाचा मला त्रास होत असे. एकदा माझ्यासमोर फाइव्ह ऑफ कप्स आणि त्याशेजारी सिक्स ऑफ स्वोर्ड्स ही कार्डे आली. मी सवयीने म्हणाले, ‘नुकसान, पश्चात्ताप, आणि मग स्थलांतर.’ त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी तीन सांडलेल्या प्याल्यांवर बोट ठेवले. ‘आणखी काय दिसते?’ मग मला काळा झगा पांघरलेल्या त्या माणसाच्या पाठीमागे उभे असलेले दोन प्याले दिसले, पलीकडे वाहणारी नदी दिसली आणि तिच्यावरचा लहानसा पूलही दिसला. शेजारच्या कार्डातही पाणीच होते. पण तेथे नावाडी नाव हाकत होता, नावेत अंग आखडून बसलेली एक स्त्री आणि एक मूल होते, आणि सहा तलवारी नावेतच उभ्या रोवलेल्या होत्या. एका कार्डात माणूस अजून काठावर मान खाली घालून उभा आहे आणि दुसऱ्यात काठ सुटलेला आहे, पण ज्या तलवारींनी जखम केली त्याही सोबत निघाल्या आहेत. वाक्य आपोआप तयार झाले: निघण्याची तयारी झालेली आहे, दुखणे मात्र मागे राहणार नाही, ते बरोबर घेऊनच पलीकडे जावे लागेल. जिच्यासाठी मी ही कार्डे काढली होती ती मैत्रीण बराच वेळ गप्प राहिली, आणि मग तिने तिचा खरा प्रश्न सांगितला, जो तिने आधी विचारलाच नव्हता.

आपल्यापैकी बहुतेक जण १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या, आर्थर एडवर्ड वेट यांनी योजलेल्या आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या डेकवर किंवा त्याच्या एखाद्या वारसावर शिकतात. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये अंकांच्या कार्डांवर तेवढे प्याले किंवा तेवढ्या तलवारी मांडलेल्या असत. स्मिथबाईंनी त्या कार्डांना प्रसंग दिले. तो प्रसंग न पाहता केवळ पाठ केलेला शब्द उच्चारला, तर त्यांच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग आपण वाया घालवतो, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा तिसरा वर्ग जरूर लावा, मात्र आधी शिक्षकांना विचारा की वर्गातला किती वेळ विद्यार्थी स्वतः रीडिंग करतात, आणि ते करत असताना कुणी ऐकून दुरुस्त करते का. प्रमाणपत्राविषयी फारशी चिंता नको. ते त्या त्या शिक्षकाने दिलेले असते आणि रीडिंगच्या वेळी समोरचा माणूस ते पाहत नसतो. वर्ग मिळेपर्यंत रोज दोन कार्डे शेजारी मांडून, अर्थाचा एकही शब्द न वापरता, केवळ दिसते तेवढेच सात-आठ वाक्यांत मोठ्याने सांगा. हे वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

प्रश्न: मला रीडिंग करायला लागून चार वर्षे झाली. काही मैत्रिणी ‘आम्हाला शिकव’ म्हणून मागे लागल्या आहेत, पण मला अजून मीच विद्यार्थिनी वाटते. शिकवायला सुरुवात केव्हा करावी?

उत्तर: वर्षांच्या संख्येवरून हे ठरत नाही. ‘हे मला ठाऊक नाही, पाहून सांगते’ असे विद्यार्थ्यांसमोर न कचरता म्हणता येईल असे तुम्हाला वाटत असेल, तर सुरुवात करायला हरकत नाही.

हे मी अनुभवाने शिकले. माझ्या पहिल्याच गटात मी स्ट्रेंग्थ हे कार्ड शिकवत होते. सिंहाच्या जबड्यावर अलगद हात ठेवलेल्या त्या स्त्रीच्या डोक्यावर अनंताचे चिन्ह आहे, ते आडव्या पडलेल्या इंग्रजी आठासारखे दिसते, म्हणून या कार्डाचा क्रमांक ८, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. एका विद्यार्थिनीने शांतपणे आपल्याकडील मार्सेय पद्धतीचा डेक पुढे केला. त्यात हेच कार्ड अकरावे होते आणि आठव्या जागी तराजूचे जस्टिस हे कार्ड होते. माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्याहून वाईट म्हणजे, काही वर्षे मी एक रचलेली गोष्ट कारण म्हणून सांगत आले होते.

पुढच्या आठवड्यात शोधून मी उत्तर घेऊन गेले. वेट आणि स्मिथ हे दोघेही ज्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या संघटनेचे सभासद होते, ती १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झाली होती आणि तिने टॅरोच्या कार्डांची ग्रह-राशींशी सांगड घातली होती. सिंहाचे चित्र असलेले कार्ड सिंह राशीला आणि तराजू धरलेले कार्ड तूळ राशीला द्यायचे, तर राशीचक्राच्या क्रमानुसार सिंह आधी, मग कन्या, मग तूळ असे यायला हवे; जुन्या क्रमात मात्र तराजूचे कार्ड आधी येत होते. म्हणून दोन्ही कार्डांची अदलाबदल झाली, आणि कन्या राशीला दिलेले हर्मिट हे कार्ड त्यांच्यामध्ये नवव्या जागी राहिले. ही माहिती मला स्वतःच्या अभ्यासात कधीच शोधावीशी वाटली नसती, कारण मला ती अडचण दिसलीच नव्हती. शिकवण्याने मला जे दिले ते हेच. जेथे मी ठोकून देत होते, त्या जागा दुसऱ्या कुणी विचारल्याशिवाय मला कळणाऱ्या नव्हत्या.

तुम्ही दोन किंवा तीन मैत्रिणींपासून सुरुवात करा, त्याहून मोठा गट सुरुवातीला नको. बोलताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा: चित्रात असलेली गोष्ट, परंपरेने चालत आलेला अर्थ आणि तुमच्या स्वतःच्या अनुभवातून आलेला अर्थ, यांपैकी आपण काय सांगत आहोत ते दर वेळी स्पष्ट करा. टेन ऑफ कप्स आले की मला एका विशिष्ट घराची आठवण येते. ती आठवण माझी आहे, कार्डाची नाही, आणि विद्यार्थिनीने ती अर्थ म्हणून वहीत उतरवून घेता कामा नये. आजाराचे निदान, न्यायालयातील निकाल आणि कुणाचा मृत्यू यांविषयीचे प्रश्न रीडिंगला घ्यायचे नाहीत, त्या माणसाला डॉक्टरकडे किंवा वकिलाकडे पाठवायचे, हे पहिल्याच दिवशी शिकवा. डेथ कार्ड शिकवण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका.

प्रश्न: प्रत्येक रीडिंगची नोंद ठेवावी असे सगळे सांगतात. मी वही केली आहे, पण कार्डांची नावे लिहिण्यापलीकडे काही सुचत नाही. शिवाय टॅरोवर लेख लिहावेत अशी इच्छा आहे. कोठून सुरुवात करू?

उत्तर: कार्डांची नावे हा नोंदीतला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहा, आणि त्याखाली तुम्ही प्रत्यक्ष काय बोललात ती वाक्ये लिहा, त्याच दिवशी, पुढे काय घडले हे कळण्याच्या आत. नंतर लिहिलेली नोंद स्मरणशक्ती आपल्या बाजूने वळवून घेते, आणि आपले सगळेच बरोबर आले होते असे वाटू लागते.

सहा महिन्यांनी मी माझी वही सलग वाचली, तेव्हा एक वाक्य अकरा ठिकाणी सापडले: ‘तुमच्यात क्षमता पुष्कळ आहे, पण तिला वाव मिळालेला नाही.’ अकरा वेगवेगळी माणसे, वेगवेगळी कार्डे, आणि प्रत्येकाने मान डोलावली असणार. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे वर्णन ‘केवळ तुमच्यासाठी’ म्हणून वाटले होते. ते सर्वांना शब्दशः एकच होते, तरी विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. टॅरो शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग ठाऊक असावा असे मला वाटते. समोरच्याने मान डोलावली याचा अर्थ आपण कार्ड वाचले असा होत नाही. ते अकरा वेळा आलेले वाक्य मी त्या दिवशी वहीत लाल शाईने अधोरेखित केले आणि त्यानंतर कुणालाही ऐकवलेले नाही. तुमच्या वहीतही अशी वाक्ये निघतील. जे वाक्य कोणत्याही कार्डाखाली खपून जाते, त्याला आमच्या बाईंचा तो प्रश्न विचारून पाहा.

लेखाची सुरुवातही याच वहीतून करा. सगळ्या मेजर अर्कानाची (टॅरोच्या बावीस मुख्य कार्डांची) ओळख करून देणारी लेखमाला हाती घेण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण तसे लेखन पुष्कळ झालेले आहे. त्याऐवजी जे कार्ड तुम्हाला नेहमी फसवते, त्या एका कार्डावर लिहा. बोलताना आपला आवाज, हातवारे, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव हे सर्व मदतीला येते. कागदावर यांतले काहीच नसल्यामुळे विचार कच्चा असेल तर तो लगेच उघडा पडतो. माझा टू ऑफ स्वोर्ड्सवरचा पहिला लेख चार वेळा लिहावा लागला, कारण डोळे बांधून तलवारी छातीशी धरलेली ती स्त्री निर्णय टाळते आहे की शांतपणे आतून ऐकते आहे, हे मी बोलताना सोयीनुसार ठरवत आले होते, आणि लिहिताना ते चालेना. आजही मला दोन्ही अर्थ मान्य आहेत, पण कोणता केव्हा, हे शेजारच्या कार्डावरून दाखवता येते.

दुसऱ्यांच्या रीडिंगवर लिहायचे असेल तर त्यांची परवानगी घ्या, आणि ती मिळाली तरी केवळ नाव बदलून थांबू नका. व्यवसाय, नाते, प्रसंग यांवरून माणूस ओळखू येतो. परवानगी नसेल तर तो लेख नाही.

प्रश्न: टॅरो ही प्राचीन इजिप्तमधील गुप्त विद्या आहे, असे मला वर्गात शिकवले गेले. मीही आता शिकवते. हे खरे आहे का?

उत्तर: नाही. ही कार्डे पंधराव्या शतकात उत्तर इटलीमध्ये खेळण्यासाठी तयार झाली. इजिप्तची कल्पना आंत्वान कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने १७८१ साली मांडली. इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा शांपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकांनी केला तो १८२२ साली, म्हणजे ती कल्पना मांडली गेली तेव्हा ती लिपी कुणाला वाचताही येत नव्हती. विद्यार्थ्यांना हे सरळ सांगा, आणि आपण आजवर चुकीचे सांगितले असेल तर तेही सांगा. खेळाच्या पत्त्यांतून माणसे पुढे स्वतःच्या आयुष्याविषयी बोलू लागली, ही हकीकत माझ्या मते इजिप्तच्या कथेहून कमी सुंदर नाही.

प्रश्न: सरावासाठी मी स्वतःसाठीच कार्डे काढते. एकाच प्रश्नावर दिवसातून तीन-चार वेळा काढली जातात आणि दर वेळी उत्तर वेगळे येते. याला सराव म्हणता येईल का?

उत्तर: याला सराव म्हणता येणार नाही, ही अस्वस्थता आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. दुसऱ्यांदा कार्डे काढताना पहिली कार्डे आपल्याला आवडली नव्हती, एवढेच बहुधा खरे असते. पहिल्या वेळी आलेली कार्डे वहीत लिहा, त्यांतील कोणते कार्ड नकोसे वाटले आणि त्यातल्या चित्रातील नेमकी कोणती गोष्ट नकोशी वाटली ते लिहा, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची तारीख किमान एक महिना पुढची ठरवून पानावर घाला. तोपर्यंत सराव करायचा असेल तर तो दुसऱ्या कुणासाठी, दुसऱ्या प्रश्नावर करा. ते नकोसे वाटलेले कार्ड मात्र डेकमधून वेगळे काढून महिनाभर टेबलावर, येता-जाता दिसेल असे, उभे करून ठेवा.