कोचीला पहिल्यांदाच जाताय ना?

मुक्काम पाण्यापलीकडच्या एर्नाकुलम शहरात नको, जुन्या फोर्ट कोचीतच करा. जुन्या गल्ल्या पायीच कळतात, तेही ऊन चढण्याआधी. पलीकडे जायचं झालं तर टॅक्सी सोडा. सरकारी फेरी किंवा 2023 साली सुरू झालेली वॉटर मेट्रो, म्हणजे बोटसेवा, घ्या. स्वस्त पडते आणि बंदरही पाण्यावरूनच नीट दिसतं.

शेजारचं मट्टनचेरी शुक्रवार-शनिवारी ठेवू नका. राजवाडा शुक्रवारी बंद, 1568चं ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ दोन्ही दिवस बंद. राजवाड्याला सगळे ‘डच’ म्हणतात, पण तो बांधला पोर्तुगीजांनी; डचांनी नंतर डागडुजी केली. आतल्या रामायणाच्या भित्तिचित्रांना निवांत तासभर द्या. तिथून चेरलाईतलं तिरुमल देवस्वम लांब नाही. गोव्याहून आलेल्या गौड सारस्वतांचं हे देऊळ. आसपास कोकणी कानावर पडली तर दचकू नका!

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या मोठ्या चिनी जाळ्यांपाशी कोळी बांधव दोर ओढायला बोलावतील. जरूर ओढा, पण पैसे द्यावे लागतील हे धरून चला.

आसपासच्या गावांसाठी एक दिवस राखाच. माझी पसंती कडमकुडीला. तिथल्या खाजण शेतात पावसाळ्यात पोक्कली भात होतो. खारं पाणी सोसणारं हे वाण. कापणी झाली की त्याच शेतात भरतीचं पाणी घेऊन कोळंबी वाढवतात. अलप्पुळाला (अलेप्पीला) गेलात आणि हाउसबोटीचा खर्च नको असेल तर तिथली सरकारी प्रवासी बोट घ्या. खिडकीची जागा हवी तर थोडं आधी पोहोचा.