वाचकांचे प्रश्न: आरशात बघून गोळी कशी मारायचे?

प्रश्न: माझी पोरगी सातवीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिनं पुठ्ठा अन् दोन आरसे घेऊन पेरिस्कोप बनवला, तर आमचे बाबा म्हणाले की पहिल्या महायुद्धात असाच पेरिस्कोप बंदुकीला लावून गोळ्या मारत होते. खरं आहे काय हे? अन् आरशात सगळं उलटं दिसते, मग नेम कसा लागत असेल?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: बाबांचं अगदी बरोबर आहे. ही गोष्ट 1915 ची, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीची. तिथं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे सैनिक टेकडीच्या उतारावर खंदकात अडकून पडले होते, तुर्की खंदक काही जागी पंधरा-वीस मीटरवर, म्हणजे आपल्या गल्लीत समोरच्या घराच्या दारात शत्रू बसल्यासारखं, डोकं जरा वर काढलं की गोळी आलीच. क्विन्स पोस्ट नावाच्या ठिकाणी तर साधा पेरिस्कोप वर केला तरी त्याची काच फुटायची.

मे महिन्यात विल्यम बीच नावाच्या ऑस्ट्रेलियन सैनिकानं यावर तोड काढली. हा गडी आधी सिडनीत बांधकामावर फोरमन होता, म्हणून हातात कारागिरी होतीच. त्यानं रायफलच्या दस्त्याला लाकडी फ्रेम जोडली, वरचा आरसा रायफलवरच्या नेम धरायच्या खाचेच्या मागे, खालचा आरसा माणसाच्या डोळ्यासमोर, आणि ट्रिगरला दोरी बांधून ती खाली आणली. सैनिक पूर्ण खंदकात, वर फक्त रायफल! वरिष्ठांनी ते पाहिलं आणि लगेच किनाऱ्यावर वर्कशॉप टाकलं, जहाजांवरचे आरसे आणि खोक्यांच्या फळ्या वापरून हे बनवायला लागले. मला या सगळ्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं, की कुठल्या कारखान्यातून काही आलं नाही, जे हाताशी होतं त्यातूनच कितीतरी जणांची डोकी वाचली.

आता उलटं दिसण्याचं. एका आरशात उलटं होतं, पण दुसरा आरसा ते परत उलटवतो, म्हणून चित्र सरळच दिसतं, उजवं उजवीकडेच. नेमाची खाच, माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि समोरचा माणूस एका रेषेत आले की दोरी ओढायची. दोनशे-तीनशे यार्डांपर्यंत नेम चांगला लागायचा, तिथं अंतरंच इतकी कमी होती की तेवढं पुष्कळ झालं. त्रास एकच, त्यांच्या ली-एनफिल्ड रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, प्रत्येक गोळीनंतर हातानं ओढावा लागतो, म्हणून रायफल दरवेळी खाली घ्यायची, भरायची, परत वर.

आणि बाबांना हेही सांगा, की त्या किनाऱ्यावर आपलेही लोक होते. भारतीय पहाडी तोफखाना 25 एप्रिललाच, म्हणजे पहिल्याच दिवशी, उतरला होता आणि खेचरं घेऊन पाणी, दारूगोळा वर पोचवणारे आपलेच. मराठा पलटणी मात्र तेव्हा मेसोपोटेमियात लढत होत्या.

पोरीसाठी एक सांगतो: दोन्ही आरसे 45 अंशात, एकमेकांना समांतर बसवा, नाहीतर नुसतं छत दिसेल, आणि काचेच्या कडांना टेप लावा, बोटं कापतात. मग वरच्या आरशासमोर एक स्ट्रॉ बंदुकीच्या नळीसारखी, तोंड समोर करून चिकटवा, गच्चीच्या कठड्यामागे बसा, आणि खालच्या आरशात बघून त्या स्ट्रॉमधून समोरच्या घरावरची पाण्याची टाकी धरता येते का ते तिला बघू द्या.